धुऱ्यावरून आलेली वरात

हार्वेस्टरनं जमीन दबली म्हणून तुम्ही आज रडता. आमचे बाबूजी माणसालाही धानाच्या बांधीत पाय ठेवू देत नसत; चालायचं ते कडेच्या धुऱ्यावरून. उभ्या धानातच लाखोरीच्या डाळीचं बी फेकायचं, नांगर लावायचाच नाही. मग ओली माती दबली तर मोकळी करणार कोण?

दोन हजार सालाच्या आसपास ताईला पाहायला सडक अर्जुनीकडचे पाहुणे आले. धान नुकतंच कापलं होतं, खाली लाखोरी उगवून आली होती. मुलाचे वडील बांधीतून सरळ घराकडे निघाले, तसे बाबूजी अंगणातून ओरडले, "पाव्हणे, काऊन माती दाबून राहिले जी? मागं फिरा, धुऱ्यानं या!"

आईनं कपाळाला हात लावला. पाहुणे मागं फिरले, बांधाबांधानं आले, चहा प्यायले आणि निघून गेले. सोयरीक मोडली, असंच आम्ही धरून चाललो. आठ दिवसांनी होकार आला.

माघात वरात आली ती धुऱ्यावरून, एकामागं एक. ढोलवाला तर आडवा चालत होता. सगळ्यांत पुढे व्याही, लांबूनच ओरडले, "धुऱ्यानंच आणली जी!"

ते ऐकलं आणि बाबूजी त्यांना भेटायला धावत सुटले, सरळ बांधीतून. लाखोरी काढणीला येईपर्यंत त्यांच्या पावलांची ओळ तिच्यात दिसत होती.