डबलसीटची हवा

...नाही, मला एक सांगा, टायर घ्यायला गेलेल्या माणसाला त्याच्या संसाराबद्दल विचारायचं काही कारण आहे का? मी फक्त टायर घ्यायला गेलो होतो हो! तोही मागचा. पुढचा निघेल अजून वर्षभर. मागच्याचा मात्र पार गोटा झालेला, आणि आमचं पेरेरा शहर म्हणजे तुम्हाला सांगतो, सपाट जमीन बघायची तर फुटबॉलच्या मैदानातच जावं लागेल, बाकी सगळा चढ नाहीतर उतार, त्यात दुपारचा पाऊस, आणि मी पडलो पाण्याचे मीटर वाचणारा, दिवसाला दोनशे दारं! मंगळवारी बेकरीसमोरच्या उतारावर ब्रेक मारला, तर गाडी एकीकडे, मी एकीकडे, आणि कोपरात अडकवलेलं दुसरं हेल्मेट गडगडत थेट बेकरीत! बेकरीवाली बाई ते छातीशी धरून ओरडतेय, "अहो बघा, बघा, ह्यांच्या मागची बाई कुठे पडली!" चार माणसं वाकून गाडीखाली शोधायला लागली. म्हटलं, बाई, मागे कुणी नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मागे कुणी नव्हतं तर दुसरं हेल्मेट कशाला? निदियाचं आहे ते. माझ्या बायकोचं. ती स्पेनला गेलीय, एका म्हातारीला सांभाळायला, दोन वर्षांसाठी. सहा वर्षं झाली. म्हातारी ठणठणीत आहे, देव तिला उदंड आयुष्य देवो, पण किती उदंड ते तरी सांग ना बाबा! हेल्मेटवर आमच्या गाडीचा नंबर चिकटवलाय, तेव्हा नियमच होता तसा, दोघांच्याही हेल्मेटवर नंबर पाहिजे म्हणून. मग ते दुसऱ्या कुणाला कसं देणार? आणि निदिया येणारच आहे डिसेंबरात. दर डिसेंबरात येणारच असते. ती विमानतळावर उतरली आणि माझ्याकडे हेल्मेट नाही, मग काय तिला टॅक्सीत घालू आणि मी मागून येऊ? जाऊ दे, टायरचं सांगत होतो.

तर गेलो टायरच्या गल्लीत. डॉन हिल्दार्दोचं दुकान, डॉन म्हणजे आमच्याकडे मानानं हाक मारायची पद्धत हो, टायर बसवायला तो, विकायला त्याची पुतणी युरानी. पाऊल टाकलं नाही तोच, "या, माझ्या राजा, काय देऊ?" राजा! अहो, सहा वर्षांत मला कुणी राजा म्हटलं नव्हतं! मी आपले केसबीस सारखे केले, शर्ट खोचला, आता काहीतरी रुबाबात बोलावं म्हणून तोंड उघडलं... तेवढ्यात मागून एक दात नसलेले आजोबा आले बॅटरी घ्यायला. "या, माझ्या राजा, काय देऊ?" त्या दुकानात राजे फार.

म्हटलं, मागचा टायर दाखवा, स्वस्तातला. तर ती लगेच विचारते, "एकटे चालवता की डबलसीट?"

काय सांगायचं? "एकट्याचा असेल तर हा घ्या, हलका, स्वस्त. डबलसीट असेल तर हा जाड, पण किंमत जवळजवळ दुप्पट पडेल." मी म्हटलं, डबलसीट. "रोज?" म्हटलं... डिसेंबरपासून.

इथवर ठीक होतं. पण डॉन हिल्दार्दोनं जुना टायर काढला, उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला, टायर फिरवून फिरवून बघितला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डॉन रुबिएल, हवा किती भरता?" म्हटलं, डबलसीटची. दर शनिवारी. बायको होती तेव्हापासूनची सवय. "आणि बसता?" ...एकटाच. "मग बरोबर! अहो, माणूस एक आणि हवा दोघांची, मग टायर फुगून मधोमधच टेकतो रस्त्याला! हे बघा, मधली नक्षी गेली, कडेची कोरी करकरीत! ह्याच्या आधीचा टायरही मीच काढला होता तुमचा, तोही असाच. तुमच्या मागे वर्षानुवर्षं कुणी बसलेलं नाही, मी नाही सांगत, हा टायर सांगतोय!"

सगळ्यांच्या समोर! आजोबा बॅटरी विसरून माझ्याकडे बघतायत, युरानी तर मला राजा म्हणायचीच थांबली. आणि मी फक्त टायर घ्यायला गेलो होतो हो!

"बोला, कुठला चढवू?" डॉन हिल्दार्दो म्हणतो. म्हटलं, थांबा, घरात विचारतो. घरात! घरात आहे कोण विचारायला? फोन काढला, निदियाला आवाजी निरोप पाठवला: "निदिया, मागचा टायर घेतोय, डबलसीटचा घेऊ ना गं?" आणि बसलो स्टुलावर हेल्मेट मांडीवर घेऊन. युरानीनं न विचारता काळी कॉफी आणून दिली. ती संपली. मग वाजला फोन. मागे म्हातारीचा टीव्ही मोठ्यानं चाललेला, आणि निदियाचा आवाज: "अरे रुबिएल, वेडा आहेस का, कशाला उगाच महागाचा? तू तर एकटाच असतोस. एकट्याचा घे." आणि पुढे, "सांभाळून चालव हं."

किती प्रेमानं म्हणाली हो! माझे दोन पैसे वाचावेत म्हणून म्हणाली, मनात दुसरं काही नाही तिच्या. मी तीनदा ऐकला तो निरोप. डिसेंबर कुठेच नव्हता त्यात. खोटं कशाला बोलू तुमच्यापाशी, फार वाईट वाटलं. सहा वर्षं मी हवा भरतोय, आणि ही म्हणते, तू तर एकटाच असतोस!

मग काय, घेतला. एकट्याचा. डॉन हिल्दार्दोनं चढवला, नळी लावली, आणि ह्या वेळी मात्र अगदी हळू आवाजात, जवळ येऊन विचारलं, "हवा... एकट्याचीच भरू ना, डॉन रुबिएल?"

म्हटलं, एकट्याचीच भरा... आणि हेल्मेटपुरती थोडी जास्त.