मी न पाहिलेले चिंपांझी

ईदच्या सुट्टीत आम्ही दुबईहून युगांडाला चिंपांझी बघायला गेलो होतो ना, तेव्हा ते बघितले फक्त बायकोने आणि लेकीने. मला निघतानाच सर्दी झाली होती. जंगलात शिरण्याआधी गाईडने विचारलं, “कोणी आजारी आहे का? आपली साधी सर्दीसुद्धा त्यांचा जीव घेऊ शकते.”

बायको पुटपुटली, “गप्प बस. मास्क लावणारच आहोत. किती वर्षं वाट बघतोयस याची.”

तरी मी हात वर केला. त्या दोघी आत गेल्या. मी बाहेर बाकावर बसून चिंपांझींच्या आरोळ्या ऐकत राहिलो.

परतल्यावर लेक मला बिलगून म्हणाली, “बाबा, देअर वॉज अ बेबी. सो टायनी.”

बायको एवढंच म्हणाली, “बरं केलंस.”