सतरावा प्रश्न

(वेंगुर्ले, एप्रिल १९६१. ईस्टरच्या आदल्या दिवसाची दुपार. बंदराजवळच्या प्रार्थनामंदिराची मागची खोली. मंडळीचे पाळक सत्यवान; मंडळीच्या पंचांपैकी एक, इस्पितळातून निवृत्त झालेले कंपाउंडर दाजी; आणि मासळी विकणाऱ्या काशीबाई.)

पाळक : एकतीस माणसं, दाजी! उद्या सकाळी त्यांचा बाप्तिस्मा, आणि आज दुपारी मला निरोप येतो की एकही जण पाण्यात उतरणार नाही. आता मी काय करू? भिंतीवर डोकं आपटू?

दाजी : त्या भिंतीवर नको. गिलावा अजून ओला आहे.

पाळक : तुम्हाला थट्टा सुचतेय!

दाजी : थट्टा नाही. कालच केलाय.

काशीबाई : पाळकानू, माका कित्याक बोलावलास ता आदी सांगा. माजी बांगड्याची पाटी भायर पायरेर आसा, आणि तीन मांजरां तिच्यासमोर सभा भरवन बसली आसत.

पाळक : सांगतो. ही एकतीस माणसं काल रात्रीपासून तुमच्या घरापुढच्या खळ्यात बसलीत. खरं ना?

काशीबाई : बसली आसत. पेज पियाली, भजनां म्हटल्यानी. माका झोप नाय.

पाळक : आणि म्हणतात काय? काशीबाई पाण्यात उतरत असेल तर आम्ही उतरू.

काशीबाई : मी तेंका सांगलंय, तुमी जावा. आयकणत नाय. माका नको झाला हो ह्या सगळा. कोणाची शेळी हरवली, काशीबाय. कोणाचो झील मुंबैसून पत्र घालणा नाय, काशीबाय. मी मासे इकू काय ह्येंका सांबाळू?

पाळक : तुम्ही मला सांगताय? मी इथे आलो तेव्हा बारा कुटुंबं होती, बारा! आता दर रविवारी तीनशे माणसं येतात. बाकं पुरत नाहीत. पोरं खिडक्यांत बसतात. शिरोड्याचे लोक केळूसच्या लोकांशेजारी बसत नाहीत. पेटी कुणी वाजवायची यावरून दोघांचं बोलणं बंद आहे. परवा एकजण मला विचारायला आला, की बैल विकू का ठेवू! मी प्रवचन कधी तयार करायचं? अर्धा तास त्याला समजावलं, बाबा, विकू नकोस.

काशीबाई : इकल्यान तेना बैल.

पाळक : तुम्हाला कसं ठाऊक?

काशीबाई : तुमच्याकडसून निगालो तो माज्याकडेच इलो. मी सांगलंय, इक. म्हातारो झालो बैल, पावसात मरतलो.

दाजी : बघा. म्हणूनच मी म्हणतो, काहीतरी शिस्त हवी.

पाळक : शिस्त! दाजी, तुमच्या शिस्तीनेच ही वेळ आणलीय. काशीबाईंना तीनदा नापास केलंत.

दाजी : मी नाही केलं. नियमाने केलं. बाप्तिस्म्याआधी वीस प्रश्न, तोंडी उत्तरं, पंचासमोर. त्या कागदावर पहिली सही तुमची आहे. काशीबाई तीन वेळा बसल्या, तिन्ही वेळा सतराव्या प्रश्नाला अडल्या. मी काय करणार?

पाळक : लवूला पास केलंत ना? त्याला दहा आज्ञा विचारल्या. त्याने सात सांगितल्या आणि आठवी स्वतःची घातली. 'दुसऱ्याची होडी उसनी आणून किनाऱ्यावर उलटी टाकू नको.'

दाजी : आशय बरोबर होता.

पाळक : मग काशीबाईंचा आशय बघा!

दाजी : आशय बघायला माणसाने बोलावं लागतं. त्या सतराव्या प्रश्नाला तोंडच उघडत नाहीत. कौलांकडे बघत बसतात.

पाळक : काशीबाई, आता तुम्हीच सांगा. तो प्रश्न मी तुम्हाला आमच्या स्वयंपाकघरात शिकवला. माझ्या बायकोसमोर तुम्ही घडाघडा उत्तर दिलंत. पाच वेळा. आमच्या धाकटीलासुद्धा ऐकून ऐकून पाठ झालं. मग इथे आल्यावर काय होतं?

काशीबाई : काय नाय होणा.

पाळक : विसरता?

काशीबाई : इसरणंय नाय. येता माका.

पाळक : मग म्हणा ना!

काशीबाई : तुमच्यासमोर येता. ह्येंच्यासमोर येणा नाय.

दाजी : माझ्यासमोर का येत नाही? मी काय वाघ आहे?

पाळक : झालं तर मग! परीक्षा मी घेतो. दाजी, तुम्ही दहा मिनिटं बाहेर जा. ती मांजरं हाकला.

दाजी : जातो. पण उद्या जुनी बारा कुटुंबं बाहेर गेली तर मला विचारू नका. त्यांना मी शब्द दिलाय, की पंचांशिवाय कुणाला आत घेणार नाही.

पाळक : ऐकलंत, काशीबाई? हीच ती धमकी. वर्षभर ऐकतोय. आणि मीही... मीही तिला भीत आलो. खरं सांगू का दाजी? पहिल्यांदा तुम्ही त्यांना नापास केलंत, तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. दुसऱ्यांदा तर रागच आला होता. तरी गप्प बसलो. वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवायचा होता. तीनशे माणसं, दोन उपासना, नवी भिंत. त्यात 'फूट पडली' असं मला लिहायचं नव्हतं. ह्या बाईने आणलेली माणसं मी माझ्या नावावर लिहिली आणि तिला पायरीवर बसवून ठेवलं.

दाजी : पाळकसाहेब, तुम्ही उगीच—

पाळक : उगीच नाही! तुम्हाला ही बाई नको आहे. प्रश्न सतरा असो की सत्तर. का नको, ते मात्र मला आजवर कळलेलं नाही.

काशीबाई : भांडा नको. दाजीनू, भायर जाव नको तुमी. इचारा माका.

दाजी : चौथ्यांदा?

काशीबाई : होय. इचारा.

दाजी : ठीक. प्रश्न सतरावा. पश्चात्ताप म्हणजे काय?

पाळक : 'आपल्या पापांविषयी...' म्हणा, बाई, 'आपल्या पापांविषयी मनापासून...'

काशीबाई : पाळकानू, तुमी वायच गप रवा. दाजीनू, तुमच्या आवशीचा नाव लक्ष्मी होता ना?

दाजी : ...त्याचा इथे काय संबंध?

काशीबाई : लाकडाची मोळी घेवन येय ती दर्यार. तुमी तिच्या पदराक धरून आसायचास. न्हान होतास. सात-आठ वर्सांचे.

दाजी : आठ.

काशीबाई : मी धा वर्सांची आसन. माजी आवस मोळी ठेवन घेय आणि माका सांगा, काशे, मासळी दी तेंका. हातात देव नको, लांबसून टाक.

दाजी : वाळूवर.

काशीबाई : होय. वाळयेर.

पाळक : म्हणजे दाजी, तुम्ही दोघं एकमेकांना तेव्हापासून—

दाजी : पाळकसाहेब, तुम्ही मिरजेकडचे. तुम्हाला इथलं ठाऊक नाही. आम्ही महारवाड्यातले. बाप्तिस्मा घेतला माझ्या बापाने, तरी किनाऱ्यावर आम्ही महारच. आई ती तारली मासळी वाळूतून एकेक वेचायची. घरी आणून तीन पाण्यांनी धुवायची. तरी वाळू जायची नाही. जेवताना दाताखाली कचकच व्हायचं. मी इस्पितळात चाकरीला लागलो, पगार मिळाला, ताजी सुरमई विकत आणली. खाताना पहिल्यांदा काय केलं असेल मी? जिभेने वाळू शोधली.

पाळक : आणि काशीबाईंना ओळखलंत कधी?

दाजी : काशीबाई ह्या दारात पहिल्यांदा आल्या, तेव्हाच मी ओळखलं. चार वर्षं झाली. आवाजावरून ओळखलं.

पाळक : आणि मला बोलला नाहीत?

दाजी : काय बोलायचं? आम्हा बारा कुटुंबांचं एकच ठिकाण होतं हे. एकच. ह्या दारातून आत आलो की कुणी लांबून काही टाकत नव्हतं. आणि आता तुम्ही म्हणता, वाढ होतेय, दारं उघडा. उघडली. तर आधी आत कोण आलं?

काशीबाई : दाजीनू, माका सांगूक दिया. अर्दाच झाला माजा.

दाजी : सांगा.

काशीबाई : आवस सांगा म्हणान मी लांबसून टाकी, असा मी मनाक सांगी. पण एक दिवस आवस थंय नव्हती. तापान निजली होती घरात. मी एकटीच दर्यार. तुमची आवस इली, तुमी इलास. कोण बगणारा नाय, कोण सांगणारा नाय. हातात दिली आसती तर कोणाक कळाक नसता. तरी मी लांबसूनच टाकलंय. आणि हसलंय.

दाजी : हसलीस. आठवतं.

काशीबाई : ता माजा. आवशीचा न्हय, जातीचा न्हय. ता माजा.

पाळक : दाजी! हेच तर सतराव्या प्रश्नाचं—

दाजी : गप्प बसा हो, पाळकसाहेब!

काशीबाई : माजो घोव होडी घेवन गेलो तो परत इलो नाय, तेवा मी ह्या पायरेर तीन दिवस बसलंय. दर्याकडे बगूचा नव्हता माका, म्हणान पाठ करून हंय बसलंय. कोण येवन बसला माज्याकडे? तुमची बायल. सावित्री. तिना पेज हाडल्यान. माका वाटी धरवणा नव्हती, तर तिना आपल्या हातान भरवल्यान. आणि मी ती पेज गिळतंय आणि माका वाळयेरची तारली दिसता. तेवापासून मी हंय येतंय. पाळकांच्या प्रवचनाक नाय इलंय. तुमी वायट वाटून घेव नको, पाळकानू.

पाळक : नाही. म्हणजे... नाही.

दाजी : सावित्रीने मला हे कधी सांगितलं नाही.

काशीबाई : तिका काय ठावक? तिना पेज दिल्यान, झाला. पण तुमी समोर बसान इचारतास, पश्चात्ताप म्हणजे काय. पुस्तकातला माका तोंडपाठ आसा. पण ता तुमच्या तोंडार कसा म्हणू मी? तुमच्याकडे बगून ता पोपटासारख्या म्हटला आसता, तर ता आणखी एक पाप झाला आसता. म्हणान गप रवलंय. तीन येळा. आणखी तीन येळा रवलंय आसतंय.

पाळक : प्रार्थना करूया आपण. तिघांनी. दाजी, त्यांचा हात—

दाजी : आत्ता नको.

काशीबाई : आत्ता नको, पाळकानू.

पाळक : बरं. नको.

दाजी : काशीबाई, मी माफ केलं असं आत्ता म्हणणार नाही. ते वाक्य मलाही तोंडपाठ आहे. रविवारी रविवारी म्हणतो. पण आई गेली तेव्हाही तिला ती वाळू... नाही. मी आत्ता म्हणणार नाही.

काशीबाई : म्हणा नको. मी मागूक इलंय नाय. मी सांगूक इलंय.

दाजी : पण खोटं मीही वागलो. माझ्या मनातलं मी नियमाच्या मागे लपवलं. लवूला पास केलं आणि तुला नापास केलं. पाळकसाहेब, ती यादी द्या इकडे. आणि तो शाईचा टाक.

पाळक : दाजी, जुन्या कुटुंबांचं काय?

दाजी : त्यांच्याशी मी बोलतो. आज संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी जाईन.

पाळक : मीही येतो. ते काम माझंच होतं. आणि अहवालही पुन्हा लिहितो.

दाजी : बत्तीस. काशीबाई, नवऱ्याचं नाव?

काशीबाई : परशुराम.

दाजी : झालं. खळ्यातल्या माणसांना सांगा, घरी जाऊन झोपा म्हणावं.

काशीबाई : सांगतंय. पण पाळकानू, सकाळी आठाक आमका खंय बुडवतलास? चिखलात?

पाळक : चिखलात का? खाडीत. सगळ्यांना कळवलंय आठ वाजता. जामसंड्याहून पाहुणे यायचेत!

काशीबाई : पुनव कालच झाली. सकाळी सुकती आसतली. थंय कुर्ल्यो चलतत त्या येळाक. अकरा वाजल्याबिगर कमरेभर पाणी येवचा नाय.

पाळक : देवा! चार वर्षं बंदरावर राहतोय, आणि हे मला कुणी सांगत नाही!

काशीबाई : तुमी इचारलास खंय?

दाजी : अकरा करा, पाळकसाहेब. मी दारावर कागद लावतो.

काशीबाई : आणि त्या उतारार शेवाळ आसा. म्हातारी माणसां पडतली.

पाळक : पंच उभे राहतील पाण्यात. एकेकाला धरून उतरवतील.

काशीबाई : मगे बरा. माका कोणी धरूक नको. मी दर्यावरची, माका सवय आसा.

दाजी : सवय माकाय आसा गो. मी धरतलंय. घसरलव तर दोगांय घसरूया.