बांगड्यावर चिकटवलेला कागद

बांगड्यावर कागद चिकटवणारी बाई कधी पाहिलीय? तुमच्यासमोर बसून चहा पितेय, नीट बघून घ्या.

देवगडला मी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवते. त्या दिवशी होता सोमवार, त्यात रमजान चालू, आणि धडा नेमका बांगड्याच्या तिखल्याचा, म्हणजे झणझणीत कालवणाचा! वर्गातल्या राबियाचाचींचा रोजा. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सरूमावशी मासे विकतात, पण सोमवारी तोंडात घालत नाहीत. कुणाचं मन दुखायला नको म्हणून वर्ग भरायच्या आधीच मी प्रत्येक पुस्तकात त्या पानावर कोरा कागद चिकटवला. एरवी टेबलावर असणारी स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीत दडवली.

राबियाचाचींनी पान उजेडात धरलं. "बाई, धडो खंय गेलो?"

मी कारण सांगितलं, जरा ऐटीतच. दोघी हसत सुटल्या.

"मी सोमवारी खायत नाय, पण इकतंय ना!" सरूमावशी म्हणाल्या.

"आनी रोजो आसलो तरी सांजचा कालवण मीच रांधतंय," चाची म्हणाल्या. "उपास पोटाचो, बाई. डोळ्यांक कित्याक उपाशी ठेवतास? आदी आमकां इचारूचा तरी!"

कागद निघाले. चाची बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. ओलं खोबरं, मिरची, तिरफळं, ताजे फडफडीत बांगडे... दोघींचे उपास अगदी शाबूत. तोंडाला पाणी सुटलं ते माझ्या.

चाची वाचता वाचता थांबल्या आणि त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं.

"ती बाटली काडा भायर नि पानी पिया, बाई. तुमका खंय उपास आसा?"