नुसतं फुस्स झालं तेव्हा

पदकाचं विचारून राहिले ना, तर ऐका. शिकार केव्हाचीच बंद, पण माझी नवी रायफल शिकारीच्याच बनावटीची. मी ती क्लबात निशाण्यावर चालवते. काडतुसं आमचे हे घरी भरायचे, रीतसर परवान्यावर.

स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत मी पुढे होते. घोडा ओढला, तर धाडऐवजी नुसतं फुस्स. वेळ संपत आलेला. मागून हे म्हणाले, "काहून थांबली? पुढची चालव."

मी रायफल खाली ठेवली. "आवाज बरोबर नव्हता."

"अगं, मी भरलेलं काडतूस आहे."

"म्हणूनच थांबले."

पंचांनी नळीत सळई घातली, ती मध्येच अडली. त्या काडतुसात दारू भरायचीच राहिली होती, अन् गोळी नळीतच अडकली होती. पंच म्हणाले, "दीदी, दूसरी चलातीं तो नली मुँह पर फटती." हे हळूच म्हणाले, "भरताना मधातच फोन आला होता."

क्लबची रायफल, कारखान्यातली काडतुसं देऊन मला फेरी पुन्हा खेळू दिली. पहिली आले.

आता काडतुसं मी भरते, फोन बंद, दार बंद, एकेक वजन करून. हे बाहेरून विचारतात, "चहा आणू का आत?"

मी म्हणते, "भरून होईस्तोवर नको."