दाराचा दगड

(रविवारची सकाळ. स्वयंपाकघरातलं टेबल. ताई आणि धाकटा समोरासमोर. आई आतल्या खोलीत.)

धाकटा : पुन्हा वाच. मोठ्यानं.

ताई : वाचलं की. तुझ्या दगडात सेरियम भरपूर. हा कागद इतका चुरगळला कसा? अंगाखाली घेऊन झोपला होतास?

धाकटा : उशाशी होता. हस तू. इतकी वर्षं मी टेकडीवरून आलो की विचारायचीस, दगडोबा, आज काय आणलंत?

ताई : आणि तू दगडच दाखवायचास.

धाकटा : आता त्यात दुर्मिळ धातू निघालाय. तू बस सिमेंटचे ठोकळे पाण्यात भिजवत.

ताई : भिजवते आणि मग यंत्रात घालून फोडते. माझे ठोकळे फुटेपर्यंत वजन तरी उचलतात.

धाकटा : उद्या हा कागद साहेबांच्या हातात दिला की खोदाईचं यंत्र टेकडीवर चढतंय. नाहीतर टेकडीचं काम बंद, आणि मी पुन्हा रस्त्याची खडी तपासायला.

ताई : उद्याच द्यायचाय?

धाकटा : का गं? चेहरा का पडला?

ताई : सेरियम आहे. त्याच्या जातीचे बाकीचे धातू कुठे आहेत?

धाकटा : असतील थोडेफार.

ताई : नाहीत. बघ ना. तूच मला सांगायचास, ही सगळी भावंडं आहेत, खडकात एकत्रच सापडतात. जेवताना, हात धुताना, सारखं तेच.

धाकटा : एखादं निघतं घर सोडून.

ताई : दगड कुठे दळलास?

धाकटा : आमचं दळणयंत्र बंद पडलं होतं.

ताई : कुठे दळलास ते विचारतेय.

धाकटा : तुझ्या प्रयोगशाळेत. तू पलीकडे ठोकळे फोडत होतीस, म्हटलं कशाला त्रास द्या.

ताई : मंगळवारी?

धाकटा : मंगळवारी.

ताई : त्याच सकाळी मी त्यात सेरियमची भुकटी दळली होती. सिमेंटात थोडी घातली तर तडे कमी जातात का, ते बघतेय. आधी कोरी वाळू दळून घेतलीस ना? आधीच्याचा कण राहू नये म्हणून?

धाकटा : पुसून घेतलं.

ताई : कशानं?

धाकटा : फडक्यानं.

ताई : फडक्यानं.

धाकटा : ओल्या फडक्यानं, ताई.

ताई : मग काय, चकचकीत झालं असेल.

धाकटा : म्हणजे मी तुझी भुकटी शोधून काढली.

ताई : अगदी अचूक. माझ्यापेक्षा चांगली मोजलीस.

धाकटा : थट्टा नको करूस आता.

ताई : नाही करत. चहा घे. निवतोय.

धाकटा : उद्या काय सांगू त्यांना?

ताई : आठ दिवस माग. पुन्हा तपासतो म्हण.

धाकटा : कारण विचारतील. मग फडकं आलंच.

ताई : मी येते बरोबर. यंत्र माझं, भुकटी माझी. तुला एकट्याला हसण्यापेक्षा दोघांना हसू देत. दगड उरलाय का?

धाकटा : सगळा दळला. उत्साहात. टेकडीची वाट तर दरड उपसेपर्यंत बंद आहे. एकच तुकडा, त्याच जागेवरचा, तो आईला दिला होता.

ताई : आई, अगं...

आई : ऐकतेय मी. भिंती काही सिमेंटच्या ठोकळ्यांच्या नाहीत. दाराला लावलाय तो. वाऱ्यानं आपटतं.

धाकटा : फोडावा लागेल, आई.

आई : फोड. काही निघालं तर काय होईल?

धाकटा : टेकडीवर खोदाई सुरू होईल.

आई : आणि नाही निघालं तर?

ताई : तर दगडोबा खडी तपासतील, आणि मी रोज विचारीन, आज किती खडे?

आई : तू गप्प बस गं. हे बघ बाळा, निम्मा फोड आणि निम्मा मला परत आणून दे. तू दिलास तेव्हा त्यात काय आहे, ते विचारून मी घेतला नव्हता.