खाकी कागदाखालची कंबर

कॉलेज का सोडलंस म्हणून सारखं विचारता, तर ऐका की. कोल्हापुरात आमच्या ॲनिमेशनच्या कॉलेजात शरीररचनेचं एकच पुस्तक होतं. त्यातल्या प्रत्येक उघड्या माणसावर, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, आमच्या विभागप्रमुख सरांनी खाकी कागद चिकटवला होता. साठीला आलेला माणूस, पण चित्रातल्या कंबरेला घाबरायचा.

परीक्षेत चालणारा माणूस काढायचा होता. माझा बघून सर खेकसले, “हा चालतोय का तरंगतोय? कंबरेचा सांधा कुठाय?”

“तुमच्या कागदाखाली हाय, सर.”

“मग बाकीच्या पोरांची माणसं कशी नीट चालत्यात?”

“त्यांनी लुंग्या नेसवल्यात की!”

सरांनी एकेक चित्र पुन्हा बघितलं आणि लुंगीवाले सगळे पास केले. नापास मी एकटा. परत परीक्षेला बसलोच न्हाय.